फ्रान्स, जर्मनी की ब्रसेल्स? युरोपीय सहकाऱ्याबरोबर संशोधन प्रस्ताव लिहिण्याआधी

परिषदेत ओळख झाली, एक-दोन पेपर एकत्र निघाले आणि आता पलीकडून मेल आली आहे की एखादा संयुक्त प्रकल्प लिहू या. विद्यापीठात, आयसरमध्ये किंवा बऱ्यापैकी संशोधन करणाऱ्या स्वायत्त महाविद्यालयात तुम्ही शिकवत असाल, तर तुमच्यासमोर साधारण तीन दरवाजे असतात. पहिला भारत-फ्रान्सच्या संशोधन-निधी केंद्राचा, म्हणजे सेफिप्राचा, दुसरा भारत-जर्मनीच्या तशाच केंद्राचा, आयजीएसटीसीचा आणि तिसरा युरोपीय संघाच्या संशोधन कार्यक्रमाचा, होरायझन युरोपचा. तिन्हीकडे सरकारी पैसा आहे आणि तिन्हीकडे ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हेच शब्द छापलेले असतात. आत शिरल्यावर मात्र तिन्हींचे नियम फार वेगळे निघतात.

सामंजस्य करार हा चौथा दरवाजा मी मोजत नाही. करारावर सह्या होतात, फोटो निघतो, नॅकच्या मूल्यांकन अहवालात एक ओळ वाढते, पण प्रयोगशाळेत त्यातून एक पिपेटही येत नाही.

बहुतेक जण निवड करताना आधी रक्कम बघतात. होरायझन युरोप २०२१ ते २०२७ चा, सुरुवातीला साडेपंचाण्णव अब्ज युरो ठरलेला कार्यक्रम आहे. त्या आकड्यापुढे बाकी दोन्ही किरकोळ वाटतात. माझं मत असं की रक्कम शेवटी बघावी. आधी दोन प्रश्न विचारावेत. प्रकल्प सुरू व्हायला किती जणांनी ‘हो’ म्हणावं लागतं? आणि तुमच्या वाट्याचा पैसा कोणाच्या तिजोरीतून, कोणत्या खात्यात येणार?

‘हो’ किती वेळा मिळवायचा

द्विपक्षीय योजनांची नेहमीची पद्धत अशी असते: तुम्ही दिल्लीत अर्ज करायचा, सहकाऱ्याने त्याच्या राजधानीत. दोन्हीकडे वेगवेगळे परीक्षक, वेगवेगळी यादी. एका यादीत तुम्ही तिसरे आणि दुसरीत तिसावे असाल, तर प्रकल्प गेला. दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांना काम आवडूनही असं होऊ शकतं, कारण परीक्षक एकमेकांशी बोललेलेच नसतात.

सेफिप्रा इथे वेगळं ठरतं. १९८७ मध्ये स्थापन झालेलं हे दिल्लीतलं केंद्र भारताचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आणि फ्रान्सचं परराष्ट्र मंत्रालय मिळून चालवतात. अर्ज एक, प्रमुख संशोधक दोन, आणि निवड दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांच्या एकाच वैज्ञानिक परिषदेत. ती हो म्हणाली की दोघांनाही मिळतं, नाही म्हणाली की दोघांनाही नाही. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण या एका रचनेमुळे प्रस्ताव लिहिणाऱ्याचा निम्मा घोर कमी होतो.

आयजीएसटीसी २०१० मध्ये सुरू झालं आणि त्याचं कार्यालय गुरुग्रामला आहे. इथेही जाहिरात संयुक्त असते आणि निवडही संयुक्त, मात्र पैसा दोन नळांतून येतो. भारतीय भागीदारांना केंद्राकडून, जर्मन भागीदारांना तिथल्या संशोधन मंत्रालयाकडून. (२०२५ मध्ये त्या मंत्रालयाचं नाव बदललं आणि त्यात अंतराळही आलं. जुन्या कागदांवर बीएमबीएफ दिसेल, गोंधळू नका.) निर्णय एक असल्यामुळे पुढचा धोका मर्यादित राहतो, तरी दोन्हीकडची कागदपत्रं वेगवेगळ्या वेगाने सरकतात, हे वेळापत्रकात धरून ठेवावं.

होरायझन युरोपची गोष्ट थोडी मागे जाऊन सांगावी लागेल. युरोपीय संघाच्या सातव्या संशोधन आराखड्यात, म्हणजे २०१३ पर्यंत, भारतीय संस्थेला युरोपच्या पैशातून थेट वाटा मिळू शकत होता. २०१४ मध्ये त्यानंतरचा कार्यक्रम, होरायझन २०२०, आला, तेव्हा भारत, चीन, ब्राझील, रशिया आणि मेक्सिको यांना आपोआप मिळणारा निधी बंद झाला. या देशांकडे आता स्वतःचा संशोधन पैसा आहे, त्यांनी तो घालावा, असा युरोपचा युक्तिवाद होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. पण त्याचा परिणाम असा झाला, आणि तो होरायझन युरोपमध्येही कायम आहे, की भारतीय भागीदाराला कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे प्रकल्पातल्या संस्थांच्या गटात, यायची मुभा राहिली आणि खर्चाची सोय मात्र त्याने स्वतः करायची.

ती सोय कधी कधी दिल्ली करते. २०१८ मध्ये पाण्याच्या विषयावर भारत-युरोप संयुक्त जाहिरात निघाली आणि सात प्रकल्प निवडले गेले. भारतीय बाजूचा खर्च विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने आणि जैवतंत्रज्ञान विभागाने उचलला. त्यांतला ‘पवित्र गंगा’ हा प्रकल्प कानपूरच्या जाजमऊला आणि दिल्लीच्या बारापुल्ला नाल्यावर उभा राहिला. सांडपाणी शुद्ध करायची तंत्रं तिथे प्रत्यक्ष घाणीत चालवून बघितली गेली. फ्लूच्या लशीवरही अशीच संयुक्त जाहिरात निघाली होती. म्हणजे रस्ता आहे, पण तो ठरावीक विषयासाठी, ठरावीक वेळीच उघडतो. तुमचा विषय त्या जाहिरातीत नसेल, तर ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय आयोगाने, तुमच्या कन्सॉर्शियमला पूर्ण गुण दिले तरी तुमच्या प्रयोगशाळेला त्यातून रुपया मिळत नाही. तुम्ही असता ‘असोसिएटेड पार्टनर’: नाव प्रकल्पात, काम प्रकल्पात, पण अनुदान करारावर सही नाही आणि निधीही नाही.

जिथे सहनिधी आहे, तिथेही हो दोनदा मिळवावा लागतो, शिवाय वेळ जुळत नाही. युरोपीय आयोग अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून साधारण आठ महिन्यांत करार पूर्ण करायचं उद्दिष्ट ठेवतो. भारतीय बाजूची मंजुरी हे स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) रुजू झाला आणि इथे अजून जेआरएफची (कनिष्ठ संशोधन फेलोची) जाहिरातही निघालेली नाही, अशी वेळ येऊ शकते. म्हणून कामाची विभागणी करताना पहिल्या सहा महिन्यांतलं कोणतंही काम भारतीय निधीवर अवलंबून ठेवू नका.

पैसा कोणत्या खात्यात

हा प्रश्न संशोधकांना कंटाळवाणा वाटतो आणि प्रकल्प बहुतेक इथेच रखडतात. सेफिप्रा आणि आयजीएसटीसीमध्ये तुमचा वाटा भारतातल्याच केंद्राकडून येतो. परदेशी देणगीचा प्रश्न तिथे सहसा उभा राहत नाही.

परदेशातून थेट पैसा आला, तर परकीय अंशदान कायदा लागतो. केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगकडून हिशेब तपासणी बंधनकारक असलेल्या संस्थांना त्यातून सूट आहे. खासगी ट्रस्टच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ती नाही. तिथे नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा वीस टक्क्यांवर आली आहे, आणि एका संस्थेने घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. हा शेवटचा नियम कन्सॉर्शियमसाठी सर्वांत जाचक आहे. ‘एक भारतीय संस्था पैसा घेईल आणि बाकीच्या तिघांना वाटेल’ ही युरोपीय सहकाऱ्याला अगदी स्वाभाविक वाटणारी कल्पना इथे चालत नाही. हे त्याला पहिल्याच बैठकीत सांगा, बजेट ठरल्यावर नको.

भारतीय निधीला भारतीय शिस्त आहे. दरवर्षी यूसी, म्हणजे पैसा कसा वापरला त्याच्या प्रमाणपत्राचा जीएफआर १२-ए नमुना, वेळेवर गेला नाही की पुढचा हप्ता अडकतो. खरेदीचे नियम सरकारी असतात. प्रकल्पाचं वर्ष कधीही सुरू होवो, हिशेबाचं वर्ष ३१ मार्चलाच संपतं. या बाबतीत जर्मन किंवा फ्रेंच सहकारी तुम्हाला मदत करू शकत नाही. समजून घेतो, एवढंच.

रकमांबद्दलही एक सांगून ठेवतो. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवून आपला कमी दिसतो म्हणून हिरमुसू नका. भारतात जेआरएफला १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि एसआरएफला (वरिष्ठ फेलोला) ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. जर्मनीत पीएचडीचा विद्यार्थी बहुधा सार्वजनिक सेवेच्या वेतनश्रेणीवर अर्धवेळ किंवा पाऊणवेळ नोकरीत असतो. तेवढ्या युरोंत तिथे एक माणूस येतो, इथे कितीतरी अधिक. बजेट माणसांच्या महिन्यांत मोजलं की भारतीय वाटा कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच भारी निघतो. वाटाघाटीत हे बोलून दाखवायला लाजू नका, कारण पेपरवरचा नावांचा क्रम आणि नमुन्यांवरचा हक्क यांची बोलणी याच मापावर व्हायला हवीत.

बरोबर कोण लागतं

सेफिप्राला दोन माणसं पुरतात, एक इथला आणि एक तिथला. मूलभूत संशोधनाला तिथे मान आहे, गणितापासून पृथ्वीविज्ञानापर्यंत. उद्योगाबरोबरच्या कामासाठी वेगळी योजना आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१३ पासून रामन-शार्पाक फेलोशिप आहे. त्यात विद्यार्थी काही महिने दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत काढतो. फ्रान्सशी अजून ओळखच नसेल, तर मी आधी विद्यार्थ्याला तिकडे पाठवीन. संयुक्त प्रस्तावाचा पाया अशा मुक्कामात पडतो.

आयजीएसटीसीची मुख्य योजना ‘टू प्लस टू’. प्रत्येक देशाची एक शैक्षणिक किंवा संशोधन संस्था आणि एक कंपनी, असे चार भागीदार. विषय दरवर्षी ठरतात, काम उपयोजित हवं, आणि कंपनीला आपल्या खर्चातला मोठा वाटा स्वतः घालावा लागतो. पुणेकरांना इथे भौगोलिक फायदा आहे. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात जर्मन कंपन्या भरपूर आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या आपल्या कंपन्याही. पण कंपनी सापडणं आणि कंपनीने तीन वर्षं पैसे घालणं यात फरक आहे. कंपनीचे वरिष्ठ तुमच्याकडे प्रशिक्षणार्थी मागायला येतात म्हणून ते भागीदार होतील असं धरू नका. आर्थिक जबाबदारीचं लेखी पत्र मिळेपर्यंत प्रस्तावाचा तांत्रिक भाग लिहायलाही बसू नये, असं माझं मत आहे. महिला संशोधकांसाठी ‘वायझर’ नावाची स्वतंत्र योजनाही याच केंद्राची आहे. तिची चर्चा आपल्याकडे फार कमी होते.

होरायझनच्या सहयोगी प्रकल्पाला किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था लागतात, त्यांतली एक तरी सदस्य देशातली आणि बाकीच्या सदस्य किंवा संलग्न देशांतल्या. भारत संलग्न नाही, त्यामुळे तुम्ही त्या तिघांत मोजले जात नाही, वर जादा असता. न्यूझीलंड २०२३ पासून, कॅनडा २०२४ पासून आणि दक्षिण कोरिया २०२५ पासून वर्गणी भरून कार्यक्रमाच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे जिथे असे सहयोगी प्रकल्प असतात तिथे, शिरले आहेत. त्यांचे संशोधक आज त्या टेबलावर वेगळ्या खुर्चीत बसतात.

मग जादा भागीदाराला कोणी का घ्यावं? तुमच्याकडे युरोपात नसलेलं काहीतरी असेल तर: दुष्काळी पट्ट्यातल्या विहिरींच्या जुन्या नोंदी, रुग्णांचा मोठा गट, किंवा सांडपाण्याचा असा नाला जिथे तंत्रज्ञानाची खरी परीक्षा होते. ते नसेल तर तुमचं नाव ‘जागतिक सहभाग’ या रकान्यात सजावटीला जातं. आमंत्रण आलं की विचारावं, कोणतं काम माझ्याशिवाय अडेल? उत्तर गुळमुळीत आलं तर नम्रपणे नकार द्यावा.

परवानग्या

दरवाजा कोणताही असो, आरोग्याच्या विषयात परदेशी सहभाग असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. जैविक नमुने बाहेर जाणार असतील तर जैवविविधता कायदा, २००२ आणि चेन्नईचं राष्ट्रीय प्राधिकरण. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या सहयोगी प्रकल्पांना या कायद्यात सवलत आहे. सेफिप्रासारख्या सरकार-ते-सरकार चौकटीतल्या प्रकल्पांना हे सिद्ध करणं सोपं जातं, हाही त्याच्या बाजूचा एक मुद्दा. होरायझनमध्ये पेपर सर्वांना खुले ठेवणं आणि विदा (डेटा) व्यवस्थापनाचा आराखडा देणं बंधनकारक आहे. रुग्णांची माहिती असेल तर युरोपचा गोपनीयता कायदाही मानेवर बसतो.

मी कोणाला काय सुचवीन

प्रश्न मूलभूत असेल, फ्रान्समध्ये एक भरवशाचा सहकारी असेल आणि कंपनी नसेल, तर सेफिप्रा. दुसरीकडे बघूही नका. कंपनी खरोखर पैसे घालत असेल, तर आयजीएसटीसी. मेहनत दुप्पट, पण प्रयोगशाळेतलं यंत्र बाहेर पडायची शक्यता तिथेच जास्त. नुसत्या जर्मन ओळखीवर मोठी उडी नको. डॅड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेबरोबरच्या योजनेत येण्याजाण्याचा खर्च मिळतो, तेवढ्यावर सुरुवात करता येते.

होरायझनचा सहयोगी प्रकल्प मी फक्त दोन परिस्थितींत घेईन: भारताच्या सहनिधीची जाहिरात समोर असेल तेव्हा, किंवा तुमच्याकडे आधीच दुसरा चालू प्रकल्प असेल आणि त्याच खर्चात हे काम बसत असेल तेव्हा. होरायझनमधल्याच, संशोधकांसाठीच्या मेरी क्युरी योजनांचा हिशेब निराळा. तिथे राष्ट्रीयत्व आड येत नाही. पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडी झालेला भारतीय यजमान संस्थेबरोबर अर्ज करू शकतो, पण यजमान देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक राहिलेला नसावा. तुमच्या हुशार विद्यार्थ्यासाठी ती उत्तम आहे; तुमच्या प्रयोगशाळेला मात्र त्यातून काही येत नाही. मेरी क्युरीच्या कर्मचारी देवाणघेवाणीत तर युरोपीय सहकारी त्यांच्या पैशाने तुमच्याकडे येऊ शकतात, तुम्हाला तिकडे जायचं तर खर्च आपला.

वेळेचंही बघा. होरायझन युरोप २०२७ मध्ये संपतो. पुढच्या २०२८-३४ च्या कार्यक्रमासाठी आयोगाने जुलै २०२५ मध्ये १७५ अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला आहे. आज एकही युरोपीय ओळख पक्की नसेल, तर उरलेल्या जाहिरातींमागे धावण्यापेक्षा मधला काळ सेफिप्राच्या एका फेरीला आणि एका विद्यार्थ्याच्या मुक्कामाला द्या. नवा कार्यक्रम उघडेल तेव्हा तुमच्या नावावर एक संयुक्त पेपर आणि एक वेळेत गेलेली यूसी असेल.