एनएफएल २के५ आठ महिने खेळल्यानंतर: वीस डॉलरचा गेम आणि एकमेव परवाना

गेल्या आठ महिन्यांत मी नेमाने जो गेम खेळलो, तो २००४ सालचा आहे. ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ हे त्याचे पूर्ण नाव; एनएफएल ही अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलची लीग आणि ईएसपीएन ही क्रीडावाहिनी. व्हिज्युअल कन्सेप्ट्सने तयार केलेला आणि सेगाने प्रकाशित केलेला अमेरिकी फुटबॉलचा हा गेम त्या वर्षीच्या जुलैमध्ये प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्सवर आला, आणि त्याच्या बरोबरीचे गेम पन्नास डॉलरच्या आसपास विकले जात असताना त्याची किंमत १९.९९ डॉलर ठेवण्यात आली होती. क्रीडा-परवान्यांचा, म्हणजे लीगची आणि खेळाडूंची खरी नावे गेममध्ये वापरण्याच्या हक्कांचा, वाद निघाला की या गेमचे नाव निघतेच. पण त्याविषयी ठामपणे बोलणाऱ्यांपैकी तो सलग खेळलेले किती असतील, अशी शंका मला येत असे. मीही न खेळता बोलणाऱ्यांतलाच होतो. म्हणून जुना कन्सोल मिळवला, वापरलेली डिस्क घेतली (पहिली ओरखड्यांमुळे चाललीच नाही, दुसरी चालली) आणि फ्रँचायझी मोड, म्हणजे एकच संघ अनेक सीझन चालवण्याचा प्रकार, सुरू केला.

पहिला आठवडा चित्रांच्या जुनेपणाशी जुळवून घेण्यात जातो. त्यानंतर मात्र हाताला जे जाणवू लागते ते म्हणजे धावणाऱ्याचे वजन. प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचे बटण हलके दाबले तर खेळाडू त्याला कवेत घेतो. दाबून धरले तर तो सर्व जोरानिशी आदळतो, आणि नेम चुकला तर समोरचा हातून निसटतो. एका बटणातून आलेला हा निर्णय प्रत्येक डावात घ्यावा लागतो, आणि आठ महिन्यांनंतरही तो मला यांत्रिक वाटलेला नाही. फ्रँचायझी मोडमध्ये प्रत्येक सामन्याआधीच्या आठवड्यात सरावाचा वेळ कोणत्या गटाला किती द्यायचा, हे आपणच ठरवायचे असते. सुरुवातीला मी हे काम संगणकावर सोपवत असे. तिसऱ्या सीझनपासून सोपवणे बंद केले, कारण बचावफळीच्या तयारीकडे केलेले दुर्लक्ष रविवारच्या सामन्यात दिसू लागले होते.

सादरीकरण हा या गेमचा सर्वांत बलवान भाग आहे. मध्यंतरात ईएसपीएनचे निवेदक ख्रिस बर्मन आपल्याच सामन्यातील क्षणचित्रे दाखवत बोलतात आणि आठवड्याअखेरीस वाहिनीच्या ‘स्पोर्ट्ससेंटर’ या क्रीडावृत्तांच्या कार्यक्रमाच्या धर्तीवर संपूर्ण लीगचा आढावा येतो. त्यामुळे ज्या संघांशी आपली गाठही पडलेली नाही, त्यांचे काय चालले आहे हे आपसूक कळत राहते. आपल्या खेळण्याच्या सवयी नोंदवून ठेवणारी व्हीआयपी ही सोयही तेव्हाची आहे. माझ्या स्वतःच्या नोंदीविरुद्ध खेळताना ‘थर्ड डाउन’ला, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यात, मी किती ठरावीक चाली करतो, हे पाहून थोडी लाजच वाटली. खेळाडूच्या डोळ्यांतून सामना पाहण्याचा मोड मी तीनदा वापरला आणि सोडून दिला. ‘क्रिब’ नावाची सजवायची खोली तर मी उघडतही नाही.

जुनेपणाच्या अडचणी अर्थातच आहेत. मूळ एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा एप्रिल २०१० मध्ये बंद झाल्यामुळे दूरच्या मित्राशी खेळण्याचा मूळ मार्ग उरलेला नाही. समालोचकांची वाक्ये तीन महिन्यांत पाठ होतात. तरीही चाहते आजतागायत या गेमसाठी नव्या खेळाडूंच्या याद्या तयार करत आले आहेत, ही गोष्ट मला कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठी पावती वाटते.

आता किमतीकडे वळतो. वीस डॉलरच्या या गेममुळे ईए या प्रतिस्पर्धी प्रकाशकाला त्याच वर्षीच्या ‘मॅडन’ या आपल्या एनएफएल गेमची किंमत ४९.९५ वरून २९.९५ डॉलरवर आणावी लागली. स्पर्धेचा ग्राहकाला काय उपयोग, याचे इतके स्वच्छ उदाहरण व्हिडिओ गेमच्या व्यवसायात क्वचितच सापडेल. हे उदाहरण काही आठवडेच टिकले. १३ डिसेंबर २००४ रोजी ईएने एनएफएल आणि तिच्या खेळाडूंची संघटना या दोघांशीही एकमेव परवान्याचे, म्हणजे इतर कोणत्याही प्रकाशकाला तो हक्क मिळणार नाही असे, करार जाहीर केले. संघांची नावे, बोधचिन्हे, मैदाने आणि खेळाडू हे सारे त्या करारांत आले. पुढच्याच महिन्यात ईएने ईएसपीएनशी पंधरा वर्षांचा करार केला. म्हणजे मी वर ज्या सादरीकरणाची स्तुती केली, त्याचे नावही दुसऱ्या दारातून निघून गेले. सेगाने त्याच जानेवारीत व्हिज्युअल कन्सेप्ट्स हा स्टुडिओ टेक-टू या दुसऱ्या गेम-प्रकाशकाला विकून टाकला.

या घटनाक्रमाकडे पाहताना सगळा रोष एकट्या प्रकाशकावर काढणे मला पटत नाही. परवाना विकत घेणारा असतो तसा विकणाराही असतो. लीगच्या दृष्टीने पाहिले तर वीस डॉलरला मिळणारा गेम म्हणजे आपल्या नावाचा भाव बाजारात पडणे होय. एकाच विकत घेणाऱ्याकडून ठोक रक्कम येत असेल तर दोन गेममधील चुरशीत तिला गोडी का वाटावी? ज्याला चुरस हवी असते तो खेळणारा या कराराच्या टेबलावर कुठेच नसतो. २००८ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांनी ईएविरुद्ध सामूहिक दावा दाखल केला तो याच कारणासाठी. स्पर्धा संपताच ‘मॅडन’ची किंमत २९.९५ वरून पुन्हा ४९.९५ डॉलरवर नेली गेली, असे त्यांचे म्हणणे होते. २०१२ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड झाली आणि महाविद्यालयीन फुटबॉलचा एकमेव परवाना पाच वर्षे न घेण्याचे ईएने मान्य केले. एनएफएलच्या कराराला मात्र या तडजोडीने हात लावला नाही. ज्या परवान्यावरून दावा उभा राहिला, तोच शाबूत राहिला, हे मला या प्रकरणातील सर्वांत बोलके वाटते.

ज्याच्यावर अन्याय झाला तो साधू असतो, असेही मानू नये. टेक-टूने २००५ मध्ये बेसबॉलमध्ये तोच मार्ग धरला: मेजर लीग बेसबॉलचा परवाना बाहेरच्या प्रकाशकांपैकी फक्त आपल्याला मिळेल, असा करार केला. त्या करारात कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांना सूट होती, आणि त्या फटीतून सोनीचा ‘एमएलबी: द शो’ वाढत राहिला. टेक-टूची मालिका ‘एमएलबी २के१३’वर थांबली, सोनीची अजून चालू आहे. कुंपण घालणाऱ्याचेच पीक वाळले. बास्केटबॉलचे उदाहरण याच्या उलट दिशेने जाते. एनबीएचा परवाना एकाहून अधिक प्रकाशकांना मिळत होता, तरीही २०१८ च्या ‘एनबीए लाइव्ह १९’नंतर ती मालिका कन्सोलवर आली नाही आणि व्यवहारात ‘एनबीए २के’ एकटाच उरला. तेव्हा परवाना खुला ठेवला की चुरस आपोआप टिकते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण चुरशीत हरून बाहेर जाणे आणि दारावर कुलूप असणे यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात उद्या कोणी नवा येऊ शकतो.

तुलनेसाठी मी याच काळात एकमेव परवान्यावर चालणारा आजचा एक क्रीडा-गेमही खेळत होतो. त्याचे नाव आणि त्यातला खेळ कोणता, हे सांगण्याची इथे गरज नाही. त्यात चेहरे हुबेहूब आहेत, मैदानातील गवतही सुरेख आहे. पण मुख्य पडद्यावर पोहोचेपर्यंत खेळाडूंच्या कार्डांची दोन दुकाने ओलांडावी लागतात, आणि फ्रँचायझी मोडमध्ये मला आढळलेला एक दोष वर्षभराने आलेल्या पुढच्या आवृत्तीतही जसाच्या तसा होता. स्पर्धक असता तर तो दोष दुरुस्त झालाच असता, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढे मात्र खरे की तो आवडला नाही म्हणून दुसरा घ्यावा, तर त्या खेळाचा अस्सल नावांनिशी खेळता येईल असा दुसरा गेमच नाही.

मग नावांवाचून चालेल का? २के५ बनवणाऱ्या चमूने २००७ मध्ये ‘ऑल-प्रो फुटबॉल २के८’ काढून हे आजमावले. संघ काल्पनिक, खेळाडू मात्र निवृत्त दिग्गज, कारण त्यांच्याशी स्वतंत्रपणे करार करता येत होते. त्याची दुसरी आवृत्ती निघाली नाही. बाजाराचे उत्तर यातून मिळते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही: सामान्य ग्राहक आपल्या संघाच्या नावासाठी पैसे मोजतो.

माझ्या कन्सोलवर मात्र एक वेगळी गोष्ट घडत होती, जी मला उशिरा लक्षात आली. फ्रँचायझी मोडमध्ये दर वर्षी खरे खेळाडू निवृत्त होतात आणि ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी नवोदितांची निवड करण्याच्या फेरीतून, गेमने स्वतः रचलेले, जगात कुठेही नसलेले नवे खेळाडू येतात. मी आता बाराव्या सीझनमध्ये आहे. माझा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) काल्पनिक आहे, त्याच्यावर तुटून पडणारा प्रतिस्पर्धी काल्पनिक आहे, आणि बाराव्या क्रमांकावर निवडलेला तो सडपातळ रिसीव्हर (चेंडू झेलणारा), ज्याला सोडून देण्याची मला दोनदा घाई झाली होती, तोही काल्पनिक आहे. २००४ च्या मूळ यादीतील शेवटचा माणूस माझ्या संघात एक किकर होता. गेल्या आठवड्यात तोही निवृत्त झाला. मी मेमरी कार्डावर सीझन जतन केला आणि त्याच्या जागी कोणाला घ्यायचे, याची यादी उघडली.