जुनं फ्लोअरिंग काढल्याचे पैसे घेतले, ते काढलंच नव्हतं

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही पुण्यातल्या घरातल्या दोन बेडरूमचं वुडन फ्लोअरिंग बदलून घेतलं. जुलैत कळलं की जुनं फ्लोअरिंग जागच्या जागी आहे आणि त्याच्यावरच नवीन अंथरलंय. सध्या अनेक घरांत चौदा-पंधरा वर्षांपूर्वी टाकलेलं लॅमिनेट बदलायला आलंय, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

आमचं जुनं फ्लोअरिंग 8 एमएमचं होतं, टाइल्सवर 2 एमएमचा फोम टाकून त्यावर बसवलेलं. सासूबाईंच्या खोलीला लागून बाथरूम आहे. तिथून पाणी झिरपून दारापाशी पट्ट्या फुगल्या होत्या, कडा वर आल्या होत्या. लॅमिनेटला वरून लाकडाचं रूप असलं तरी आत दाबलेला भुसा असतो. एकदा पाणी प्यायला की तो पुन्हा बसत नाही. सासूबाई काठी घेऊन चालतात, त्यामुळे त्या कडांची मला रोज भीती वाटायची. शिवाय त्यांना दमा आहे. खोलीत दमट वास येत होता, तो खालून येतोय असं वाटत होतं. म्हणजे नवीन रंग हवा म्हणून हे काम काढलं नव्हतं. जुनं उचलून खालची टाइल स्वच्छ आणि कोरडी करून घ्यायची, हेच खरं काम होतं. ठेकेदाराला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

ओळखीतून आलेला माणूस. बोलायला नम्र, सासूबाईंना आजी म्हणायचा. दोन्ही खोल्या मिळून 252 चौरस फूट भरल्या. जुनं काढायची मजुरी चौरस फुटाला 20 रुपये, म्हणजे 5,040. राडारोडा उचलायचे 4,500. टाइल्स वरखाली आहेत, मसाला ओतून लेव्हल करावी लागेल, त्याचे 35 रुपयांनी 8,820. नवीन माल 12 एमएमचा. हे सगळं त्याने वहीच्या कागदावर लिहून दिलं. पक्कं बिल मागितलं तेव्हा म्हणाला, "काकू, बिल केलं की 18 टक्के जीएसटी लागेल, तुमचेच पैसे जातील." यांनी मान डोलावली, मीही गप्प बसले. निम्म्याहून जास्त पैसे आगाऊ दिले, तेही त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी यूपीआयवर.

मग तो म्हणाला, "धूळ फार उडेल, आजींना त्रास होईल. तीन दिवस गावी जाऊन या." आम्ही साताऱ्याला गेलो. तिथे त्याने मोबाइलवर फोटो पाठवले: पट्ट्या उचललेल्या, खाली टाइल्स दिसताहेत. खोली कुठली ते ओळखू आलं, म्हणून मन निवांत झालं. आज ते फोटो काढून पाहते तेव्हा दिसतं की सगळे एकाच कोपऱ्यातले आहेत, बाल्कनीच्या दारापासून दोन ओळींचे. तेवढ्याच ओळी त्याने उचलल्या होत्या, फोटो काढले होते आणि परत बसवल्या होत्या.

परत आलो तर खोल्या चकचकीत. दोन्ही दारं खालून बरीच तासलेली होती. विचारलं तर म्हणाला, "12 एमएमची पट्टी आहे ना, दार घासणारच." मला ते पटलं. खरं तर तिथेच थांबून हिशोब करायला हवा होता. जुनं 8 आणि फोम 2, मिळून 10 एमएम. नवीन 12 आणि फोम 2, मिळून 14. म्हणजे लेव्हलिंगचा मसाला सोडला तर जमीन 4 एमएमने वर यायला हवी होती. बाथरूमच्या दगडी उंबऱ्याने तर ते उघड सांगितलं होतं. तो टाइलपासून 25 एमएम उंच आहे. जुन्या फ्लोअरिंगवर तो 15 एमएम दिसायचा, नवीनवर 11 दिसायला हवा होता. मी मोजपट्टी लावून मोजलं ते जुलैत, तेव्हा तो जेमतेम 5 एमएम उरला होता. जमीन 10 एमएमने वर आली होती. जुन्या 10 वर नवीन 8 आणि फोम 2. एकाच मापात दोन लबाड्या निघाल्या: जुनं काढलं नव्हतं आणि नवीन माल 12चा नव्हताच. रिकामी खोकी त्याने "भंगारात देतो" म्हणून नेली होती. त्यांवर जाडी छापलेली असते. उरलेली एकही पट्टी घरात ठेवली नव्हती.

मे महिन्यातच पाय ठेवला की जमीन दबल्यासारखी वाटायची आणि टक् टक् आवाज यायचा. फोनवर म्हणाला, "नवीन आहे, बसेल." मग बाथरूमचं पाणी त्या बुटक्या उंबऱ्यावरून खोलीत यायला लागलं. पावसाळा सुरू झाला आणि सांधे उघडले. वास पहिल्यापेक्षा वाढला. सासूबाईंना रात्री दोनदा पंप घ्यावा लागायचा. त्याचा फोन तेव्हापासून लागलेला नाही.

शेजारच्या घरात काम करणाऱ्या सुताराला बोलावलं. त्याने भिंतीकडचं बीडिंग, म्हणजे कडेची झाकपट्टी, काढलं, बॅटरी मारली आणि मला खाली बसवून दाखवलं. "मावशी, हे बघा, खाली तुमचं जुनंच आहे." कडेला दोन थर स्पष्ट दिसत होते, वरचा करडा आणि खालचा आमचा ओळखीचा मधाळ रंग. मला तिथेच रडू आलं.

त्याने समजावलं ते लिहिते. हे फ्लोअरिंग जमिनीला चिकटवलेलं नसतं, फोमवर नुसतं टेकलेलं असतं, पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. खाली टणक आणि सपाट जमीन असेल तरच ते सांधे टिकतात. खाली दुसरं तसंच फ्लोअरिंग आणि दुसरा फोम असेल तर प्रत्येक पावलाला सगळं खालीवर होतं आणि सांध्यांच्या जिभा तुटतात. शिवाय दोन थरांमध्ये ओल कोंडते, तिला सुकायला वाटच नाही.

आणि काढणं काही अवघड नसतं. बीडिंग काढायचं, भिंतीकडच्या ओळीपासून सुरुवात करायची, पट्टी तिरकी उचलली की लॉक सुटतो. फोम गुंडाळून न्यायचा. दोन्ही खोल्यांचे दोन्ही थर दोन माणसांनी एका दिवसात उचलले. खालच्या टाइल्सवर दारापासून पलंगापर्यंत काळी बुरशी होती. लेव्हलिंगचा मसाला औषधालाही नव्हता. टाइल्स धुऊन पुसून घेतल्यावर सुताराने प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून टाइल्सवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी आतून थेंब जमले होते. जमीन ओली असताना त्यावर काहीही टाकायचं नाही, असं तो म्हणाला आणि पुढचं काम त्याने स्वतःहून थांबवलं. आधी बाथरूमची गळती काढून घेतली.

पुरावा सापडला तो सोसायटीच्या गेटवर. आमच्याकडे राडारोडा बाहेर नेताना वॉचमन वहीत नोंद करतो. एप्रिलच्या त्या तीन दिवसांत आमच्या फ्लॅटच्या नावावर दोन गोणी होत्या. 8 एमएमचं लॅमिनेट एका चौरस मीटरला साधारण 7 किलो भरतं. आमच्या दोन खोल्यांचं मिळून 160 किलोच्या वर जातं आणि पट्ट्या चार-चार फुटांच्या. दोन गोणींत ते मावणं शक्यच नाही. त्या पानाचा फोटो सेक्रेटरींच्या सहीसह घेतला.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. पक्कं बिल नसल्याने मला यूपीआयच्या नोंदी, मोबाइलवरचं बोलणं आणि तो वहीचा कागद जोडावा लागला. पैसे दुसऱ्याच्या नावावर गेलेत, त्यामुळे तो संबंध दाखवायला फार लिहावं लागलं. त्या 18 टक्क्यांच्या मोहाने आम्ही स्वतःचा हात बांधून घेतला होता.

तुमच्याकडे हे काम निघालं असेल तर ज्या दिवशी जुनं उचलणार त्या दिवशी घरात थांबा. धुळीचं कारण कुणी कितीही काळजीने सांगितलं तरी थांबा. सगळी जमीन उघडी झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतचा फोटो काढा. दाराखालची आणि उंबऱ्याची उंची आधी कागदावर लिहून ठेवा. नवीन मालाचं एक खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा, पट्टीची जाडी मोजा आणि एक पट्टी घरात ठेवून घ्या. शेवटचा हप्ता महिनाभर नांदून झाल्यावर द्या.

सासूबाईंच्या खोलीत आता उघड्या टाइल्स आहेत. आम्ही तिथे पुन्हा काही टाकलेलं नाही, त्यांनाही ते बरं वाटतं. वरच्या थराची एक पट्टी आणि खालच्या थराची एक, दोन्ही सुतळीने बांधून कपाटावर ठेवल्या आहेत. पुढच्या तारखेला त्या घेऊन जायच्या आहेत.