चहाच्या रंगाची अंडी आणि माझं खोकं

घरच्या थर्माकोलच्या खोक्यात अंडी उबवणाऱ्याला गंडवणं फार सोपं आहे. विकणाऱ्याला २१ दिवसांची सवड आयती मिळते, आणि पिल्लं निघाली नाहीत की बोट दाखवायला तुमचं खोकं असतंच.

माझं खोकं साधंच. थर्माकोलचा डबा, ४० वॉटचा पिवळा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, बल्ब चालू-बंद करणारा छोटा थर्मोस्टॅट आणि तळाशी पाण्याची वाटी. पंखा असला की तापमान ३७.५ अंश ठेवायचं. ओलावा पहिले १८ दिवस ५०-५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ च्या वर. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबायला नको म्हणून तापाचा थर्मामीटर आत ठेवून दोन्ही जुळवून घेतले होते. हे सांगायचं कारण पुढे येईल.

अंडी मिळाली व्हॉट्सॲपच्या एका कोंबडीपालन ग्रुपवर. "ताई, शंभर टक्के गावरान. कळपात कोंबडे फिरतात आमच्या." फोटोही तसेच, तुरेबाज. भाव खायच्या अंड्याच्या तिप्पट आणि पैसे आधी. दोन ट्रे एसटीच्या पार्सलनं आले, एक अंडं फुटलेलं नाही. पॅकिंगला नाव ठेवायला जागा नव्हती.

पण अंडी सगळी एका मापाची! गावरान अंडं लहानखुरं. एक टोकदार तर दुसरं गोलसर, रंगही पांढुरक्यापासून तपकिरीपर्यंत. ही एकजात मोठी आणि सगळी चहाच्या रंगाची. म्हणून शेजारच्या काकूंची थोडी अंडी, पेन्सिलीनं फुली मारून, त्याच खोक्यात ठेवली. काकूंच्या कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरतात आणि त्यांच्यात एक दांडगा कोंबडा आहे.

सातव्या दिवशी रात्री दिवे घालवून अंडी मोबाईलच्या टॉर्चवर धरली. फुलीच्या बहुतेक अंड्यांत लाल शिरांचं जाळं. विकतच्या अंड्यांत नुसती बलकाची सावली. ओल्या फडक्यानं एक घासलं तर फडकं तपकिरी झालं आणि अंडं पांढरं.

फोन केला. "ताई, घरगुती खोक्यात असंच होतं. उष्णता जास्त लागली, पिल्लं आतच मेली." हेच वाक्य त्यानं किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे, आणि बहुतेकांनी मुकाट्यानं नवा थर्मोस्टॅट आणला असेल. पण जीव धरून मेलेल्या अंड्यात रक्ताचं कडं दिसतं. अगदी पहिल्या एक-दोन दिवसांत मेलेलं अंडं कोरं दिसू शकतं, हे खरं. पण दोन्ही ट्रे कोरे आणि त्याच खोक्यातली काकूंची अंडी जिवंत? हे त्याला विचारलं तेव्हा "पुढचा ट्रे निम्म्या भावात देतो" म्हणाला. पैसे परत मागितल्यावर नंबर ब्लॉक.

ही अंडी लेअर फार्मची, म्हणजे फक्त खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथली. पिंजऱ्यातल्या कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागत नाही, तिथं तो ठेवतही नाहीत. अशा अंड्याला खुडूक कोंबडीखाली रवणीला बसवा नाहीतर लाखाच्या मशीनमध्ये घाला, पिल्लू येणार नाही. लिंबू चोळून रंग तपासा असं लोक सांगतात, त्यावर जाऊ नका. आंबटानं खऱ्या तपकिरी अंड्याचाही रंग सुटतो. त्यापेक्षा आधी चार-पाचच अंडी मागवा आणि एक ताटलीत फोडा. फलित अंड्याच्या बलकावर गोल कड्यासारखा पांढरा ठिपका असतो, फलित नसलेल्या अंड्याच्या बलकावर लहानसा वेडावाकडा डाग. अंडी आठवड्यापेक्षा जुनी नकोत. जमत असेल तर शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा. पुण्यात खडकीला आहे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. मी केली आहे, रक्कम अजून आलेली नाही. तोच नंबर आता दुसऱ्या ग्रुपवर कडकनाथ या काळ्या कोंबडीची अंडी विकतोय, फोटोत अंडीही काळीकुट्ट. कडकनाथ कोंबडीचं अंडं फिकट तपकिरी असतं.