मोठ्या टायपातलं मराठी बायबल: आजारपणात घ्यावं असं

सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा हे घेतलं. मशीनला लावलं की चार-चार तास पडून राहायचं, सुईचा हात हलवायचा नाही. मोबाईलवर वाचायला गेलं की त्यांच्या डोळ्यांना धारा लागतात. यातली अक्षरं ठसठशीत आहेत, ओळी मोकळ्या. मी पुस्तक धरते, वाचतात त्याच. दुसऱ्याने वाचून दाखवणं आणि स्वतः वाचणं यात फार फरक आहे.

आम्ही बहुतेक स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधला प्रार्थनागीतांचा भागच उघडतो. धीर हवा म्हटलं की सगळे 23वं स्तोत्र सुचवतात. मी 88वं सांगेन. ते शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, तरी प्रार्थनाच आहे. "म्हणजे देवापुढे रडलं तरी चालतं गं," आई म्हणाल्या आणि मलाच हायसं वाटलं. बायबलमधल्याच '1 राजे' या पुस्तकाचा अध्याय 19 सुद्धा वाचाच. जीव नकोसा झालेला संदेष्टा एलीया झुडपाखाली झोपतो. देवदूत त्याला उपदेश करत बसत नाही; निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी हे पाठ करावं.

वजन बरंच आहे, खाली उशी लागते. कागद पातळ, मागची छपाई दिसते. खुणेची फीतही एकच. दोन हव्या होत्या. प्रवासाला नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) आणि स्तोत्रं एवढीच छोटी प्रत बरी. घरात साठीपुढचं कुणी असेल तर मात्र मोठ्या टायपाचंच मागा, आणि दुकानात पान उघडून त्यांनाच वाचायला द्या.