खारपाणपट्ट्यातील आरओ केंद्रासाठी हाय प्रेशर पंप: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव
दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावच्या शुद्ध पाणी केंद्रावर जुना हाय प्रेशर पंप काढून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा उभा मल्टीस्टेज (टप्प्याटप्प्याने दाब वाढवणारा) पंप बसवला, त्याने आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला आहे. केंद्राची देखभाल माझ्याकडे आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात गावोगावी अशी केंद्रे झाली आहेत. परंतु पंप घेताना ‘किती एचपीचा?’ यापलीकडे फारसे कोणी विचारत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) चार हजारांच्या आसपास असून क्लोराइड लिटरमागे हजार मिलिग्रॅमच्या थोडे वर जाते. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस सुमारे ३५,००० असतो. मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, पाणी पलीकडे जाण्यासाठी आधी क्षारांच्या परासरण दाबावर (पाण्याला खाऱ्या बाजूकडेच ओढणाऱ्या दाबावर) मात करावी लागते. समुद्राच्या पाण्यात तो पंचवीस बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) वर असल्याने तेथील पंपांना ५५ ते ७० बार दाब द्यावा लागतो, तर आमच्याकडे तो तीन बारच्या घरात आणि मेम्ब्रेनच्या शेवटी, जेथे पाणी अधिक खारे झालेले असते तेथे, साधारण त्याच्या दुप्पट असल्याने १२ बारमध्ये काम भागते. त्यामुळे एका विक्रेत्याने आग्रहाने सुचवलेला समुद्राच्या पाण्यासाठीचा, डुप्लेक्स (गंजाला अधिक टिकणाऱ्या, महाग) स्टीलचा पंप आम्ही घेतला नाही. चेन्नईजवळच्या मिंजूरसारख्या, समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी रोज दहा कोटी लिटर क्षमतेने उभारलेल्या प्रकल्पाची गरज निराळी आणि आमची निराळी.

स्वस्तातला पंपही येथे टिकत नाही. प्रकल्पासोबत आलेला जुना पंप ३०४ या स्वस्त प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा होता. तो उघडला तेव्हा इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाच्या) पाकळ्या चांगल्या होत्या, मात्र टप्प्यांच्या सांध्यांत आणि ओ-रिंगच्या (गळती रोखणाऱ्या रबरी कड्याच्या) खाली टाचणीच्या टोकाएवढे काळपट खड्डे पडले होते आणि नख फिरवले की ते जाणवत. क्लोराइड स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर फोडते, आणि वाहत्या पाण्यापेक्षा साचलेल्या पाण्यात, विशेषतः अरुंद फटींत, हे अधिक घडते. आमच्याकडे वीज गेली की पंप खारे पाणी पोटात घेऊन तासन्‌तास उभा राहतो. त्याचे खरे नुकसान त्या वेळी होते. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असल्याने तो जास्त तग धरतो, तरी आमच्या पाण्यासाठी तोही काठावरचाच आहे. म्हणून केंद्र बंद करताना शुद्ध पाण्याच्या टाकीतून पंप आणि मेम्ब्रेन धुऊन घेण्याची जोडणी केली. पावसाळ्यानंतर पंप उघडून पाहिला तेव्हा सांधे स्वच्छ होते. या जोडणीचा खर्च पंपाच्या मानाने किरकोळ आहे आणि माझ्या मते ती नसेल तर ३१६ चे जास्तीचे पैसे अर्धे वाया जातात.

एचपीचा हिशेब सोपा आहे. ताशी तीन हजार लिटर पाण्याला १२ बार दाब देण्यास एक किलोवॅट शक्ती लागते. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी तीन एचपीची मोटर पुरते. आमच्या जुन्या संचाला पाच एचपीची होती आणि जादा दाब व्हॉल्व्ह आवळून मारावा लागे, म्हणजे विजेचे पैसे भरून तयार केलेला दाब तेथेच वाया जाई. विक्रेत्याकडून पंपाचा कर्व्ह (किती प्रवाहाला किती दाब मिळतो याचा आलेख) मागून घ्यावा आणि आपला प्रवाह व दाब त्याच्या मधल्या भागात बसतो का, हे पाहावे.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) घेतल्याने दाब सावकाश चढतो व मेम्ब्रेनला हिसका बसत नाही. पंपाच्या आधी लो प्रेशर स्विच (दाब घसरला की पंप बंद करणारा) मात्र हवाच, कारण पंपाआधीचा कार्ट्रिज फिल्टर गाळाने तुंबला की पंप कोरडा चालू लागतो.

तक्रार एकच. ऐन मे महिन्यात पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीचे मेकॅनिकल सील गळू लागले, ते अमरावतीत मिळाले नाही आणि नागपूरहून येईपर्यंत केंद्र बंद ठेवावे लागले. पंपाच्या ऑर्डरमध्येच एक जादा सील आणि ओ-रिंगचा संच लिहून घ्यावा.