इंकस्केप वापरतोय: लोगोवाल्यांनो बिनधास्त या, छपाईवाल्यांनो जरा थांबा

अ‍ॅडोबीने 2013 पासून इलस्ट्रेटरचं (लोगो-आयकॉन काढायचं सॉफ्टवेअर) नवीन व्हर्जन फक्त सबस्क्रिप्शनवर द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून व्हेक्टरचं (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या चित्रांचं) काम म्हणजे भाड्याच्या घरात राहणं झालंय. मी शेवटी इंकस्केप या व्हेक्टर ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर आलो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, 2003 पासून चालू आहे, त्यामुळे उद्या गायब होईल वगैरे भीती नाही.

पहिले काही दिवस डोकं फिरतं हे मान्य, कारण बोटांना जुने शॉर्टकट बसलेले असतात आणि इथे सिलेक्शनला एस, नोडला (रेषेवरचे बिंदू) एन. पण प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्डच्या सेटिंगला जा, तिथे इलस्ट्रेटरवाला कीमॅप (शॉर्टकटचा संच) तयारच दिलाय, तो लावा. हे कोणी सांगतच नाही राव!

नोड एडिटिंग मात्र मला इथलंच जास्त आवडतं. व्हर्जन 1.3 मध्ये शेप बिल्डर आलाय त्यामुळे आकार जोडणं-तोडणं सोपं झालंय, आणि क्लोन तर कमालच, मूळ आयकॉन बदलला की त्याच्या सगळ्या कॉपी आपोआप बदलतात. फाईल सेव्ह होते ती सरळ एसव्हीजी (वेबवर चालणारा व्हेक्टर फॉरमॅट), म्हणजे ब्राउझरमध्येही उघडते, वेब आणि आयकॉनवाल्यांना अजून काय पाहिजे.

आता रडगाणं. ब्लर आणि फिल्टर भरपूर टाकले की स्क्रीन रेंगाळते, ते एक वेळ चालवून घेता येईल, पण सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) हा खरा घोळ आहे. पीडीएफ आरजीबीमध्येच (स्क्रीनच्या रंगांत) निघते, म्हणून प्रेसला द्यायची फाईल पुढे स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन कन्व्हर्ट करावी लागते. रोज ब्रोशर-पॅकेजिंग करत असाल तर हा उद्योग करूच नका, सरळ अ‍ॅफिनिटी बघा, तेही असंच डिझाइनचं सॉफ्टवेअर, त्यात सीएमवायके नीट आहे आणि 2025 पासून तेही फुकट झालंय, फक्त कॅनव्हाचं अकाउंट लागतं. (कंपनी कॅनव्हाच्या हातात आहे, पुढे काय करतील त्यांचं त्यांना माहीत.)

आणि हो, इलस्ट्रेटरची एआय फाईल इंकस्केपमध्ये उघडते ती फक्त पीडीएफ कम्पॅटिबल ऑप्शन चालू ठेवून सेव्ह केली असेल तरच, शिवाय टेक्स्टचे तुकडे आणि लेयरचा खिचडा होऊ शकतो. म्हणून सबस्क्रिप्शन चालू आहे तोवरच जुनं सगळं काम एसव्हीजीमध्ये काढून ठेवा, मग कॅन्सल करा.