वाफ की गुळण्या?
सर्दीने बेजार झालेल्या मैत्रिणीने विचारलं, वाफ घेऊ की मिठाच्या गुळण्या करू? विषाणू दोन्हींनी मरत नाही. सर्दी आपले 7 ते 10 दिवस घेतेच. प्रश्न फक्त आरामाचा. खर्च दोन्हीकडे नगण्य, तो मुद्दा सोडूनच देऊ.

वाफेने चोंदलेलं नाक मोकळं वाटतं, पण थोड्या वेळाने पहिले पाढे पंचावन्न. वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही तिचा ठाम फायदा दिसला नाही. (तरी मी घेते. बरं वाटतं!) गुळण्या नाकासाठी निरुपयोगी, घशाची खवखव मात्र कमी करतात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे.

धोक्याच्या बाबतीत वाफ सपशेल हरते. डोक्यावर टॉवेल, पुढ्यात उकळतं पाणी. भांडं कलंडलं की मांड्या भाजल्याच. मुलं अशी भाजल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. गुळण्यांत फार तर खारट घोट पोटात जातो.

घसा दुखत असेल तर गुळण्या. नुसतंच नाक बंद असेल आणि घेणारा मोठा माणूस असेल तर वाफ, भांडं टेबलावर पक्कं ठेवून. गुळण्या न जमणाऱ्या लहानग्याला दोन्ही नकोत. वर्षापेक्षा मोठा असेल तर झोपताना चमचाभर मध द्यावा.